डार्टमूरच्या माळावर सायकल : चांगली वाट कशी शोधावी?

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतली मुले आता इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत. आपण उन्हाळ्यात दोन-तीन महिने त्यांच्याकडे जातो, नातवंडांना सांभाळतो, आणि शाळेला सुट्टी लागली की मुले आपल्याला घेऊन कुठेतरी आठवडाभर जातात. अशीच एक सुट्टी आम्ही गेल्या ऑगस्टच्या शेवटी डार्टमूरला घालवली. आम्ही उभयतां, मुलगा, सून आणि बारा वर्षांचा नातू. नातवाला डोंगरातली सायकल चालवायची होती. आम्हालाही हौस कमी नव्हती. जांबोटी रस्त्याला आणि राजहंसगडाकडे आम्ही तरुणपणी साध्या सायकलीवरून पुष्कळ हिंडलो आहोत.

परत आल्यावर मंडळात दोघा-तिघांनी विचारले, "तिकडे चांगल्या वाटा कळतात कशा? मुलं मोबाइलवर बघतात आणि निघतात." आम्हीही पहिल्या दिवशी तसेच निघालो होतो, आणि ते आमच्या अंगाशी आले. म्हणून सविस्तर लिहितो.

मूर म्हणजे काय?

मूर म्हणजे उंचावरचा उघडा, झाडे नसलेला, ओलसर माळ. कोकणाच्या माथ्यावरचे आपले सडे डोळ्यांसमोर आणा. खडक जांभ्याचा नसून ग्रॅनाइटचा आहे, आणि पाऊस चार महिन्यांऐवजी बारा महिने पडतो, असे समजा. डार्टमूर हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात आहे. १९५१ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर. टेकड्यांच्या माथ्यावर ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे एकावर एक रचल्यासारखे दिसतात, त्यांना 'टॉर' म्हणतात. बराचसा माळ आपल्या गायरानासारखा आहे. जमिनीला मालक असतो, पण गावच्या लोकांना मेंढ्या, गुरे आणि तट्टे चारण्याचा पिढीजात हक्क असतो.

सर्वांत उंच जागा ६२१ मीटर. हे वाचून आम्ही हसलो होतो, कारण आपले बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. हसण्याची शिक्षा आम्हाला दुसऱ्याच दिवशी मिळाली. मूरवर त्रास उंचीचा नसतो. तो वारा, ओल आणि धुक्याचा असतो.

पहिला दिवस

आम्ही प्रिन्सटाउन या गावात उतरलो होतो. गाव साधारण ४३० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. मुलाने, सुनेने आणि नातवाने साध्या डोंगरी सायकली भाड्याने घेतल्या, आम्ही दोघांनी बॅटरीच्या. त्या देशात बॅटरीची सायकल चौदा वर्षांखालच्या मुलाला चालवता येत नाही, त्यामुळे नातवाला पायांवरच भरवसा ठेवावा लागला. बाकीच्यांना परवाना लागत नाही. मोटर २५० वॅटपर्यंतची, पायडल मारल्यावरच मदत करणारी आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मदत थांबवणारी असेल, तर कायद्याने ती साधी सायकलच.

मुलाने मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये बारा किलोमीटरची फेरी शोधली. प्रिन्सटाउनहून दक्षिणेला साउथ हेसरी टॉरवरून नन्स क्रॉस नावाच्या जुन्या दगडी क्रुसापर्यंत, तिथून डावीकडे खाली उतरून व्हाइटवर्क्सच्या डांबरी रस्त्याला, आणि रस्त्याने परत. फोटो सुरेख होते, खाली पाच-पाच तारे होते. "बाबा, चालेल ना?" असे त्याने विचारले आणि आम्ही होय म्हटले. तेव्हा दोष ॲपला किंवा मुलाला देणे बरोबर नाही. सही आमचीच होती.

नन्स क्रॉसपर्यंतची चार किलोमीटरची वाट उत्तम निघाली. रुंद, खडीची, स्पष्ट. तिथून मात्र ॲपमधली रेषा ती वाट सोडून एका खोलगट भागात शिरली. त्या भागाचे नाव फॉक्स टॉर मायर्स. मायर म्हणजे दलदल. नावातच सगळे लिहिले होते, पण मोबाइलच्या पडद्यावर ते नाव दिसतच नव्हते. शेरलॉक होम्सच्या 'बास्करव्हिल' कादंबरीत माणसाला गिळणारी जी दलदल आहे, ती लेखकाला याच जागेवरून सुचली असे मानतात. कॉनन डॉइल १९०१ साली प्रिन्सटाउनला येऊन राहिला होता.

नातू सर्वांत पुढे होता. समोर पोपटी हिरवळीचा सपाट पट्टा बघून त्याला आनंद झाला आणि त्याने वेग वाढवला. पुढचे चाक आत गेले, पोरगे हँडलवरून पुढे फेकले गेले आणि मांड्यांपर्यंत रुतले. मुलाने आपली सायकल त्या हिरवळीवर आडवी टाकली, तिच्यावर पोटावर झोपून त्याला धरले. बाहेर काढायला पंधरा मिनिटे लागली. एक बूट आतच राहिला. तेवढ्यात धुके उतरले आणि पन्नास पावलांवरचे दिसेना. मोबाइलला रेंज नव्हती. पोरगे थंडीने कापत होते, ऑगस्ट महिन्यात!

आम्ही आलो त्याच चाकांच्या खुणा बघत क्रुसापर्यंत मागे आलो आणि खडीच्या वाटेने सायकली ढकलत गावात पोहोचलो. ते चार किलोमीटर आम्हाला जन्मभर आठवतील. रात्री सून एवढेच म्हणाली, "आता सायकली परत करू या." नातू काही बोलला नाही, पण त्याने जेवतानाही मान वर केली नाही. सुट्टीचे पाच दिवस उरले होते.

नकाशा उघडला

दुसरा दिवस पावसाचा. आमच्यातल्या एकाने बँकेत पस्तीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. त्याला रात्रभर एकच गोष्ट टोचत होती : कागद न बघता प्रकरण मंजूर केले! सकाळी उठून त्याने गावातल्या दुकानातून ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा आणला. मालिकेचे नाव 'एक्सप्लोरर', केशरी मुखपृष्ठ, डार्टमूरचा क्रमांक 'ओएल २८'. प्रमाण १ : २५,०००, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि नातवाला शेजारी बसवले.

कर्ज देताना आम्ही तीन प्रश्न विचारत असू. मालमत्तेवर हक्क कुणाचा? तारण भक्कम आहे का? आणि परतफेडीची ऐपत आहे का? सायकलची वाट निवडतानाही हेच तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे, हे त्या दिवशी कळले.

पहिला प्रश्न : हक्क आहे का?

आपल्याकडे पाणंद म्हणजे काय हे कुणाला सांगावे लागत नाही. दोन्ही बाजूंना शेते खाजगी, पण मधल्या वाटेने बैलगाडी नेण्याचा हक्क गावाचा. इंग्लंडमध्येही हीच कल्पना आहे, फक्त तिची नोंद फार काटेकोर आहे. १९४९ च्या कायद्याने तिथल्या परगण्यांना सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. त्यात नोंदलेली वाट म्हणजे आपल्याकडच्या उताऱ्यावर चढलेला हक्क. जमीन विकली तरी वाट राहते.

या वाटांचे प्रकार असे :

- पायवाट, म्हणजे फुटपाथ. फक्त चालणाऱ्यांसाठी. फाटकावर पिवळा बाण.
- घोडेवाट, म्हणजे ब्रिडलवे. चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले. निळा बाण.
- रिस्ट्रिक्टेड बायवे. वरील तिघे आणि घोडागाड्या, मोटारी नाहीत. जांभळट बाण.
- सर्व वाहनांना खुला बायवे. लाल बाण.

घोडेवाटेवर सायकल चालवण्याचा हक्क १९६८ च्या कायद्याने मिळाला, आणि त्याच कायद्याने अट घातली की सायकलवाल्याने पादचारी आणि घोडेस्वार यांना वाट द्यावी. म्हणजे सायकलवाला तिथे पाहुणा आहे.

एक्सप्लोरर नकाशावर या सार्वजनिक वाटा हिरव्या रेषांनी दाखवतात. आखूड तुटक रेषा म्हणजे पायवाट, लांब तुटक रेषा म्हणजे घोडेवाट. आपल्याला शोधायच्या त्या लांब हिरव्या रेषा. नकाशावर काळ्या तुटक रेषाही पुष्कळ असतात. त्यांचा अर्थ 'जमिनीवर इथे वाट दिसते' एवढाच. त्या हक्क सांगत नाहीत. आमच्या ॲपने हिरव्या-काळ्या सगळ्या रेषा एकाच रंगात दाखवल्या होत्या, आणि आधी कुणीतरी तिथून गेले म्हणून ती वाट सुचवली होती. शेजाऱ्याने कर्ज उचलले म्हणून आपले तारण चांगले ठरत नाही!

इथे आपल्या लोकांचा आणखी एक गैरसमज होतो. २००० सालच्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधला बराच मूर आणि डोंगर सर्वांना मोकळा झाला, असे सगळे सांगतात. ते खरे आहे, पण तो मोकळेपणा पायी फिरणाऱ्यांसाठी आहे. सायकलसाठी नाही. डार्टमूरच्या उघड्या माळावर वाट सोडून सायकल चालवता येत नाही. पायवाटेवर सायकल नेली तर पोलीस सहसा पकडत नाहीत, पण मालक परत पाठवू शकतो आणि ते त्याच्या हक्काचे आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तिथे २००३ च्या कायद्यानुसार जबाबदारीने वागणाऱ्या सायकलवाल्याला बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवर जाता येते. ज्यांची मुले एडिंबरा-ग्लासगोकडे आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

हे हक्क सुखासुखी मिळालेले नाहीत, हेही नातवाला सांगितले. २४ एप्रिल १९३२ ला डर्बीशायरमधल्या किंडर स्काउट या मूरवर कारखान्यांतले शेकडो तरुण कामगार बंदी मोडून चढले. जमीनदारांनी तो माळ शिकारीसाठी राखून ठेवला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढच्या कायद्यांमागे अशी माणसे होती. एवढ्या कष्टाने मिळालेल्या वाटेचा नियम पाळणे आपल्याला जड जाऊ नये.

दुसरा प्रश्न : जमीन धरते का?

हक्क आहे म्हणजे वाट चांगली आहे असे नाही. काही घोडेवाटा शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कागदावर बरोबर असतील, आज त्या चिखलात आहेत.

मूरवरची काळी माती म्हणजे पीट. पाणी साचून राहिल्याने गवत, शेवाळ कुजत नाही, त्याचे थरावर थर बसतात आणि स्पंजासारखी माती होते. ओली असताना तिच्यात चाक कापत जाते. आपण तर अडकतोच, पण त्या चरातून पाणी वाहून पुढे माती झिजते. म्हणून मुसळधार पावसानंतर एक-दोन दिवस पीटच्या वाटा सोडून द्याव्यात आणि खडीच्या धराव्यात.

आपला शेतकरी झुडपे बघून जमिनीची जात सांगतो. मूरवरही तसेच आहे :

- जांभळ्या बारीक फुलांचे हेदर दाट असेल तर जमीन बऱ्यापैकी कोरडी.
- पिवळ्या फुलांचे काटेरी गॉर्स किंवा ब्रॅकन नावाचे उंच नेचे असतील तर पाण्याचा निचरा चांगला.
- पांढऱ्या कापसासारखे गोंडे वाऱ्यावर डोलत असतील तर खाली ओले पीट.
- पोपटी हिरवा, मऊ, सपाट गालिचा दिसला तर पाऊल टाकू नये. स्थानिक लोक त्याला 'फेदर बेड' म्हणतात, म्हणजे पिसांची गादी. नातू याच गादीवर गेला होता.

नकाशावरही दलदलीच्या जागी गवताच्या झुबक्यांच्या खुणा असतात, आणि नावे बोलतात. 'मायर' दिसले की दूर राहायचे.

सर्वांत भरवशाची जमीन कोणती? जिथून पूर्वी वजनदार माल गेला आहे ती. डार्टमूरवर ग्रॅनाइटच्या खाणी होत्या, कथिलाच्या खाणी होत्या. दगड वाहून नेण्यासाठी १८२३ साली प्लिमथकडून प्रिन्सटाउनकडे घोड्यांनी ओढायची रूळवाट झाली. पुढे १८८३ मध्ये तिचा बराचसा भाग घेऊन वाफेच्या इंजिनाची रेल्वे आली, ती १९५६ मध्ये बंद पडली. रूळ गेले, पण भराव राहिला. आगगाडीचे ओझे सोसलेली जमीन आपल्याला आणि आपल्या सायकलीला सहज सोसते. जुनी रेल्वे, जुनी खाणवाट, जंगलखात्याचा रस्ता : या तिन्ही गोष्टी नकाशावर शोधाव्यात.

तिसरा प्रश्न : परतीची ऐपत कुणाची?

कर्जात आपण हप्ता बघतो. इथे परतीचा चढ म्हणजे हप्ता. जाताना उतार लागला की सगळे खूश असतात, पण तेवढेच परत चढायचे असते, तेही थकल्यावर.

नकाशावरच्या तांबूस समोच्च रेषा जवळजवळ असतील तर चढ उभा, लांब असतील तर सपाटी. दोन रेषांत किती मीटरचे अंतर धरले आहे ते नकाशाच्या कडेला छापलेले असते. नातवाने आज्जीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, वाटेवर वळणे घेत ठेवला आणि सेंटिमीटरच्या पट्टीवर मोजला. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. मग वाटेत किती रेषा ओलांडाव्या लागतात ते मोजून एकूण चढ काढला. हे काम त्याला इतके आवडले की त्याने मान वर केली.

वाऱ्याचाही हिशेब धरावा. तिथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर, अशी फेरी निवडावी. बॅटरीच्या सायकलीने जाणाऱ्यांनी विसरू नये की वारा आणि चढ बॅटरी भराभर खातात, आणि बॅटरी संपली की ती जड सायकल आपल्या पायांवर येते.

वेळ काढताना आम्ही ताशी आठ किलोमीटर धरले, थांबे धरून. डांबरी रस्त्यावरचा वेग मूरवर चालत नाही. आणि ऐपत बघायची ती सर्वांत दुबळ्याची. आमच्या पाच जणांत बॅटरी असलेले आम्ही म्हातारे दुबळे नव्हतो. सर्वांत दुबळा होता बारा वर्षांचा नातू, कारण त्याच्याकडे उत्साह जास्त आणि अंगात चरबी कमी. पहिल्या दिवशी हा हिशेब आम्ही उलटा केला होता.

आम्ही केलेल्या फेऱ्या

तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "एकच फेरी, आणि मी सांगेन तिथून परत." मंजूर! प्रिन्सटाउनहून पश्चिमेला किंग्ज टॉरपर्यंत जुन्या रेल्वेची वाट धरली. इंजिनाला झेपेल असा हळूहळू उतार, डोंगराला वळसा घालत जाणारी खडीची वाट. वाटेत थोडे आत फॉगिंटॉरची सोडून दिलेली दगडाची खाण आहे, तिच्यात पाणी साठून तळे झाले आहे. वारा जाताना तोंडावर, येताना पाठीवर, बरोबर हिशेबाप्रमाणे. किंग्ज टॉरला सुनेने घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "अजून थोडं पुढं जाऊ या की!"

चौथ्या दिवशी गाडीने ओकहॅम्प्टनला गेलो. तिथून लिडफर्डपर्यंत 'ग्रॅनाइट वे' नावाची वाट आहे, साधारण १८ किलोमीटर, तीही बरीचशी जुन्या रेल्वेवरून. वाटेतला मेल्डनचा लोखंडी पूल १८७४ चा. ज्यांना डोंगरी सायकलची सवय नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

नातवाला थोडी उडी-वळणे हवी होती, म्हणून पाचव्या दिवशी एक्सेटरजवळच्या हॅल्डन फॉरेस्ट पार्कमध्ये गेलो. अशा जंगलांत सायकलसाठी मुद्दाम बांधलेल्या वाटा असतात आणि त्यांना रंगांनी प्रत लावलेली असते. हिरवी सोपी, निळी मध्यम, लाल अवघड, काळी अतिशय अवघड. निळ्या वाटेवर बाप-लेक गेले, आम्ही चहाच्या टपरीजवळ बसलो. तिकडे उत्तरेला यॉर्कशायरकडे कुणाची मुले असतील तर नॉर्थ यॉर्क मूर्सजवळचे डॅल्बी फॉरेस्ट याच प्रकारचे आहे.

वागणूक आणि सामान

घोडा समोर आला तर लांबूनच हाक द्यावी, थांबावे. घोड्याला सायकल कळत नाही, माणसाचा आवाज कळतो. किंग्ज टॉरच्या वाटेवर एक वयस्क बाई घोड्यावरून आल्या, आम्ही पाचही जण कडेला उतरून उभे राहिलो, तर त्यांनी थांबून पुढच्या वाटेत कुठे पाणी साचले आहे ते सांगितले. फाटक जसे असेल तसेच ठेवावे, उघडे तर उघडे, बंद तर बंद. तट्ट्यांना काही खायला घालू नये, तिथे तो गुन्हा आहे. रस्त्यात गुरे अडवायला लोखंडी दांड्यांची जाळी असते, ती सरळ काटकोनात ओलांडावी. ओली असेल तर उतरावे.

डार्टमूरच्या उत्तर भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी ही तीन क्षेत्रे. सराव असेल तेव्हा दिवसा लाल निशाण आणि रात्री लाल दिवे असतात. निशाण दिसले की आत जायचे नाही. सरावाच्या वेळा आधी जाहीर होतात, त्या बघून ठेवाव्यात.

बरोबर असावे ते असे :

- कागदी नकाशा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि होकायंत्र.
- प्रत्येकासाठी जास्तीचा गरम कपडा आणि पावसाचे जाकीट, ऊन असले तरी. उंचीने हवा दर १०० मीटरला अर्धा-पाऊण अंशाने थंड होते, वारा वेगळाच.
- पंक्चरचे सामान, पंप, जास्तीची ट्यूब.
- थर्मासमध्ये गरम चहा, आणि शेंगदाण्याचे लाडू. ते तिकडच्या कुठल्याही चॉकलेटच्या तोडीस तोड आहेत.
- लांब मोजे. गवतात गोचीड असतात, त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. संध्याकाळी मुलांचे पाय तपासावेत.
- शिट्टी. संकटात मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. रेंज असेल तर ९९९ किंवा ११२ ला फोन करून आधी पोलीस आणि मग 'माउंटन रेस्क्यू' मागावे.

आणि कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार, हे मुक्कामाच्या घरी लिहून ठेवावे.

शेवटचा दिवस

सहाव्या दिवशी सकाळी नातू स्वतःच म्हणाला, "आजोबा, नन्स क्रॉसला परत जायचं." सुनेने आमच्याकडे पाहिले. त्याने नकाशा उघडून बोट ठेवले. लांब हिरव्या रेषा, खडीची वाट, चार किलोमीटर जाणे, चार किलोमीटर येणे, जेवणाच्या आत परत. तिन्ही प्रश्नांची उत्तरे तयार होती. हवा स्वच्छ होती. मंजुरी नाकारायला कारणच नव्हते.

क्रुसाजवळ आम्ही थांबलो. खाली उन्हात तो पोपटी पट्टा चमकत होता. "किती छान दिसतंय ना, आज्जी," तो म्हणाला, "म्हणून तर मी फसलो." मग त्याने सायकल वळवली आणि आमच्या पुढे न जाता आमच्या बरोबरीने चालवत गावापर्यंत आला.

तो नकाशा आम्ही बेळगावला आणला आहे आणि मंडळाच्या वाचनालयात ठेवला आहे. त्यावर चालण्याजोग्या वाटा निळ्या पेन्सिलीने रंगवल्या आहेत, आणि फॉक्स टॉर मायर्सवर नातवाने बारीक अक्षरात लिहिले आहे : 'इथे माझा बूट आहे.' पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या सभासदांनी तो जरूर न्यावा. फक्त परत आणून ठेवावा.